दाखल्यावरची चार माणसं

थोरलीला जावेचा हेवा वाटतो हे घरात सगळ्यांना माहीत होतं, एक थोरलीला सोडून. तिच्या मते ती फक्त खरं तेवढंच बोलत होती.

दोघी सख्ख्या भावांच्या बायका. भावांचा धंदा हिरवळी राखण्याचा. बंगल्यांपुढचं, शाळांच्या मैदानांवरचं, कचेऱ्यांभोवतीचं गवत कापायचं, कडा सरळ करायच्या, तण काढायचं, खत टाकायचं. पंधरा वर्षं हा धंदा एकत्र चालला. दोघे भाऊ दिवसभर बाहेर, मशीनवर, आणि थोरली गॅरेजमागच्या खोलीत टेबलाशी. कुणाला कुठं पाठवायचं, किती तास धरायचे, पगार, विम्याचे हप्ते, सगळं तिच्या हातात. एखाद्या हिरवळीशेजारून नुसती गाडी नेली तरी ती सांगायची, “दोन माणसं, पावणेदोन तास.” आणि काम पावणेदोन तासांतच व्हायचं. कामगार तिला वचकून असत, आणि तिला ते आवडायचं.

धाकटी लग्न होऊन आली तेव्हा तिलाही धंद्यात हात लावायचा होता. थोरलीनं तिला फोन घ्यायचं काम दिलं. सहा वर्षं धाकटीनं फोनच घेतले. फाइलींच्या कपाटाची किल्ली थोरलीच्या पर्समध्ये असायची.

धाकटी एकदाच तोंड उघडून बोलली. त्यांच्याकडे एक जुना कामगार होता. नव्या माणसांना काम शिकवायचा म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणत. कडा कापताना मास्तरच्या पात्याखाली खडा आला आणि उडून थेट डोळ्यात गेला. डोळ्यावर लावायचे चष्मे गाडीत होते, पण ओरखडे पडून आंधळे झाले होते, ते कुणीच लावत नसे. दवाखान्याचा खर्च विम्यानं दिला. डोळा वाचला, पण त्या डोळ्यानं मास्तरला धूसरच दिसायला लागलं. दहाव्या दिवशी थोरलीनं मास्तरला फोन केला, “कधी येताय?” रजा जितकी लांबते तितका विम्याचा दावा वाढतो, आणि दावा वाढला की पुढच्या वर्षीचा हप्ता वाढतो. ती दुष्ट नव्हती. तिला फक्त तो हप्ता दिसत होता.

त्या दिवशी जेवताना धाकटी म्हणाली, “ताई, आधी दगड वेचून घेतले असते तर दावाच झाला नसता.”

“आठ माणसांनी रोज दहा-दहा मिनिटं दगड वेचायचे,” थोरली म्हणाली, “आणि त्याचा पगार कोण देणार? तू?”

सहा महिन्यांनी भाऊ वेगळे झाले. भांडण असं झालंच नाही. मशिनं वाटून घेतली, गाड्या वाटून घेतल्या, गिऱ्हाइकं बहुतेक थोरल्याकडेच राहिली. मास्तर मात्र धाकटीकडे गेला. जाताना त्यानं थोरलीला नमस्कार केला, कारण काही सांगितलं नाही. न सांगितलेलं कारण तिला जास्त बोचलं.

याला दोन वर्षं झाली. हंगाम सुरू व्हायच्या आधी विमावाला कागद घेऊन थोरलीच्या टेबलाशी येऊन बसला. हप्ता पावपट वाढला होता.

“एक अंगठा, एक पाठ आणि एक डोळा,” तो बोटांवर मोजत म्हणाला. “तीन दावे, बाई. आणि दावे तीन-तीन वर्षं पाठ सोडत नाहीत. मी तरी काय करणार?”

“सगळ्यांचाच वाढलाय का?”

तो माणूस स्वभावानं भाबडा. कुठं थांबायचं ते त्याला कळत नसे. “छे! तुमच्या जाऊबाईंचा उलट कमी झालाय. दोन वर्षांत एक दावा नाही. आमच्या ऑफिसात त्यांचं नाव काढतात.”

थोरलीनं सही केली. सही करताना पेन कागदात रुतलं.

त्यानंतर आठवड्यानं तळ्याकाठच्या वसाहतीचं पत्र आलं. बेचाळीस घरं, मधे एकसंध हिरवळ, आणि शेवटी पाण्यापर्यंत उतरत जाणारा मोठा उतार. अकरा वर्षं हे काम थोरलीकडे होतं. वर्षातली निम्मी कमाई तिथून यायची. पत्रात दोनच ओळी होत्या. यंदा आपली सेवा घेता येणार नाही, आजवरच्या सहकार्याबद्दल आभार. काम कुणाला दिलं ते लिहिलं नव्हतं. लिहायची गरजही नव्हती.

वसाहतीचा व्यवस्थापक दोन फोनवर एकाच वेळी बोलणारा, दमलेला माणूस होता. थोरली समोर येऊन बसली तशी त्यानं एक फोन खाली ठेवला.

“बाई, तुमच्या कामाबद्दल तक्रार नाहीच. दर बघा ना तुम्हीच.” आणि तिला लवकर कटवावं म्हणून असेल, त्यानं फाइलच तिच्याकडे फिरवली.

धाकटीचं गोल, शाळकरी अक्षर. सहा वर्षं फोनचे निरोप याच अक्षरात थोरलीच्या टेबलावर यायचे. दर तिच्या दरापेक्षा शेकडा बारानं कमी होता. थोरलीनं तिथंच खुर्चीत बसून हिशेब केला. माणसं, तास, पेट्रोल, विमा. कसंही धरलं तरी जमत नव्हतं.

“या दरात हे काम होत नाही,” ती म्हणाली.

“होतंय की. परवाच पहिली कापणी झाली. छान झाली.”

दराच्या कागदाखाली विम्याचा दाखला होता. त्यावर लिहिलं होतं, कामगार चार.

चार? त्या उताराला थोरली सहा माणसं लावायची, आणि तरी दुपार व्हायची. तिच्या मनात पाल चुकचुकली, आणि खरं सांगायचं तर ती चुकचुक तिला गोड वाटली. म्हणजे हे असं आहे तर. माणसं जास्त राबवायची आणि विमा थोड्यांचा भरायचा. मग दर कमी करायला काय लागतं! घरी येईपर्यंत ती गाडीत एकटीच दोनदा हसली.

मंगळवारी तिनं नवऱ्याला सांगितलं की मशीनची नवी पाती आणायला जाते, आणि गाडी वसाहतीसमोरच्या झाडांखाली नेऊन उभी केली. काच अर्धी खाली केली. मांडीवर वही घेतली.

मोठ्या मशीनवर तिचा दीर. दोघे उतारावर. एक जण पानं उडवायचं यंत्र पाठीला लावून. मास्तर कडांवर. आणि छोट्या मशीनवर एक बारीक अंगाचा माणूस, डोक्यावर हेल्मेट, तोंडावर जाळी, कानांवर झाकणं, बाह्या मनगटापर्यंत. सहा. दीर मालक. मालकाला कामगारांच्या विम्यात मोजत नाहीत, हे तिला पाठ होतं. तो सोडला तरी पाच. दाखल्यावर चार.

बुधवारी ती पुन्हा गेली, शुक्रवारी पुन्हा. पाच, आणि पाचच.

मोजायला गेली होती, पण नको ते पाहून आली. काम सुरू करण्याआधी सगळे बादल्या घेऊन, माना खाली घालून हिरवळीवर फिरत, जणू कुणाच्या कानातलं पडलंय. दहा मिनिटं. तिनं वहीत लिहिलं, ‘रोज दहा मिनिटं फुकट’. अकरा वाजता सगळे झाडाखाली बसले. दिरानं स्वतः उठून सगळ्यांना पाणी दिलं. मास्तर काहीतरी बोलला आणि सगळे खो खो हसले. ते हसू रस्ता ओलांडून गाडीच्या काचेपर्यंत आलं. थोरलीची माणसं गाडीत बसून, एकमेकांकडे पाठ करून खायची. त्यांना असं हसताना आपण शेवटचं कधी पाहिलं, हे तिला आठवेना, आणि तिच्या अंगाची लाही लाही झाली. पगार ती जास्त देत होती. उशीर तिनं कधी एका दिवसाचा केला नव्हता. मग त्या झाडाखाली असं काय होतं?

शुक्रवारी तो बारीक माणूस मशीन थांबवून तिच्या दिशेला वळला आणि त्यानं हात वर केला. थोरली चटकन खाली वाकली, पायाशी काही पडल्यासारखं करून. आपल्या मागं दुसरं कुणी असेल, असं तिनं स्वतःला सांगितलं.

त्याच संध्याकाळी तिनं पत्र टाइप केलं. ‘सदर ठिकाणी पाच कामगार काम करतात. विमा चौघांचा आहे. पाचव्या माणसाला इजा झाली तर जबाबदार कोण?’ खाली सही नाही. शेवटचं वाक्य तिला फार आवडलं. ते लिहीत असताना तिला त्या पाचव्या माणसाची खरोखरच काळजी वाटत होती. एक प्रत विमा कंपनीला, एक व्यवस्थापकाला.

गुरुवारी व्यवस्थापकाचा फोन आला. चौकशी होईपर्यंत धाकटीचं काम थांबवलंय, तीनेक आठवडे लागतील, तोवर तुम्ही सांभाळाल का, दर तुमचाच जुना. थोरलीनं हो म्हटलं, फोन ठेवला, कॉफी केली आणि उभ्या उभ्याच प्यायली. तिला वाटलं होतं त्याहून ती कॉफी बेचव लागली.

दुपारी नवरा आला. हात धुताना म्हणाला, “धाकट्याचं काम थांबवलंय. कुणीतरी निनावी पत्र टाकलं म्हणे.”

“हो का?”

“असं कोण करतं गं?”

“धंदा आहे. असतात लोक,” ती म्हणाली, आणि टॉवेल त्याच्या हातात दिला.

तो टॉवेल घेऊन तसाच उभा राहिला. “आपली माणसं सगळी गुंतलीत. वसाहतीवर माझ्याबरोबर जेमतेम तिघं येतील. धाकट्याची चारही माणसं घरी बसलीत. त्यातले दोघं आपण घेऊ. त्यांचीही सोय होईल.”

नको म्हणायला तिच्याकडे सांगण्यासारखं कारण नव्हतं. म्हणून मास्तरचं आणि आणखी एकाचं नाव तिनं स्वतःच्या हातानं आपल्या विम्याच्या यादीत चढवलं. मास्तरचं नाव लिहिताना तिला वाटलं, बघा, आलात की नाही परत.

सोमवारी ती मुद्दाम वसाहतीवर गेली. नवरा उताराच्या पलीकडे मशीन उतरवून घेत होता. मास्तर चष्मा चढवून, हातात बादली घेऊन मान खाली घालून फिरायला लागला होता.

“मास्तर, काय हरवलंय?”

“काही नाही बाई. दगड बघतोय.”

“तुमच्या तासाचे पैसे मी देते, माहीतय ना?”

“मग माझी दहा मिनिटं कापून घ्या.” त्याच्या आवाजात राग नव्हता. “न बघता पातं फिरवणार नाही मी. एकच डोळा धड उरलाय, बाई.”

त्यानं वाकून एक खडा उचलला आणि बादलीत टाकला. मग तिची कीव आल्यासारखं म्हणाला, “अहो, या दहा मिनिटांवरच तर आमचं चाललंय. दोन वर्षांत कुणाला खरचटलं नाही. दावा नाही म्हणून हप्ता कमी, हप्ता कमी म्हणून दर कमी. धाकट्या बाई हे आम्हाला बसवून समजावतात, कागदावर काढून.”

‘कागदावर काढून’ हे तिला झोंबलं. पंधरा वर्षांत तिनं कुणाला काही कागदावर काढून दाखवलं नव्हतं.

“हप्ता कमी कसा होतो ते मलाही कळतं,” ती फणकाऱ्यानं म्हणाली. “माणसं पाच आणि दाखल्यावर चार!”

मास्तर सरळ उभा राहिला. “पाच कुठली? आम्ही चारच आहोत.”

“मी स्वतः मोजलीत. तो बारीक माणूस कोण मग, छोट्या मशीनवरचा? हेल्मेटवाला?”

मास्तरनं तिच्याकडे पाहिलं आणि तो हसायलाच लागला. “अहो, त्या धाकट्या बाई! पाचव्या माणसाचा पगार परवडेना, म्हणून हंगाम सुरू झाल्यापासून स्वतःच उतरल्यात. पहिले चार दिवस रोज रडायच्या हातांच्या फोडांनी. मालकीण आहेत, म्हणून दाखल्यावर नाव नाही. मालक लोक त्यात मोजत नाहीत ना?”

दीर मालक म्हणून तिनं वहीत वजा केला होता. बाईही मालक असू शकते हे, स्वतः मालकीण असून, तिच्या डोक्यात आलं नव्हतं.

मास्तरचं हसू हळूहळू उतरलं. “पण बाई, तुम्ही कधी मोजलीत?”

ती वळली आणि गाडीकडे चालू लागली. त्यानं पुन्हा विचारलं नाही. बादलीत खडा पडल्याचा आवाज तेवढा आला.

गाडीत बसल्यावर तिला पहिल्यांदा काय वाटलं, ते सांगायला हवं. लाज नाही वाटली. ती नंतर आली. पहिल्यांदा तिला आणखी एकदा हेवाच वाटला. धाकटी मशीनवर बसत होती. उन्हात, सगळ्यांबरोबर, आणि अकरा वाजता त्या झाडाखालीही. पंधरा वर्षांत थोरलीला कुणी “चल” म्हटलं नव्हतं, आणि तीही कधी “येते” म्हणाली नव्हती. ज्या गवतावर सगळं घर चालत होतं त्यावर ती चपला काढून कधी चाललीही नव्हती. मग तिला फोडांची आठवण झाली. मग त्या शेवटच्या वाक्याची, ‘पाचव्या माणसाला इजा झाली तर’. तेव्हा कुठं लाज आली, आणि आली ती एकदम.

ती घरी गेली नाही. तशीच धाकटीकडे गेली.

घरामागच्या शेडमध्ये धाकटी एकटीच पात्यांना धार लावत होती. पातं शिकंज्यात अडकवलेलं, हातात कानस. तळव्यांना पांढऱ्या चिकटपट्ट्या. पहिल्यापेक्षा वाळली होती, पण दंड भरले होते.

“ताई? या ना.”

थोरली बसली नाही. बसली असती तर बोलता आलं नसतं. “ते पत्र मी लिहिलं.”

कानस थांबली नाही. “माहीतय.”

“तुला कुणी सांगितलं?”

“तीन दिवस तुमची गाडी झाडाखाली उभी होती. शुक्रवारी मी हातसुद्धा केला. मला वाटलं, काम बघायला आलात, आता उतराल. तुम्ही सीटखाली गेलात.” तिनं पात्यावरून अंगठा फिरवून धार पाहिली. “मग पत्र आल्याचं कळलं. मग काय राहिलं कळायचं?”

“चौकशीवाला आला होता का?”

“शनिवारी.”

“त्याला माझं नाव का नाही सांगितलंस?”

“त्याला माणसं मोजायची होती, ताई. पत्र कुणी लिहिलं ते त्याला नको होतं.” आता तिनं कानस खाली ठेवली. आवाज चढला नाही, पण थरथरला. “राग कशाचा आला सांगू? पत्राचा नाही. फोन होता ना तुमच्याकडे? सहा वर्षं मी तुमचाच फोन उचलला. एकदा विचारायचं होतंत, अगं, पाचवा कोण? मी सांगितलं असतं, मीच. हसलो असतो आपण. काम थांबलं, माझी माणसं घरी बसली. तुम्ही तर सगळं मोजता. हे मोजलंत?”

थोरली म्हणाली, “मला वाटलं, या दरात काम होऊच शकत नाही. तू काहीतरी लबाडी करत असणार.”

“तुमच्या दरावरूनच काढला मी तो दर.”

“म्हणजे?”

“फोन घेता घेता ऐकायचे ना सगळं. कुठल्या हिरवळीला किती माणसं, किती तास. तुमचा वसाहतीचा दर मला पाठ होता. तुमची सहा माणसं. त्यातली एक जागा ह्यांनी भरली, एक मी. उरली चार.”

थोरलीच्या कानशिलात कुणी मारल्यासारखं झालं. “म्हणजे वसाहत तू मुद्दाम घेतलीस माझ्याकडून.”

“मुद्दाम.” धाकटीनं नजर वळवली नाही. “धंदा आहे. आणि तुम्हाला दाखवायचंही होतं. कपाटाची किल्ली तुम्ही कधी दिली नाहीत.”

शेडच्या पत्र्यावर ऊन तापलं होतं. थोरलीला राग आला होता, आणि या रागाचा आपल्याला हक्क आहे की नाही हे तिला ठरवता येत नव्हतं.

शेवटी ती म्हणाली, “मी काय करू ते सांग.”

धाकटीनं जणू आधीच ठरवून ठेवलं होतं. “दोन माणसं तुमच्याकडे लागलीत. उरलेली दोघं घरी आहेत. काम थांबलंय तितक्या दिवसांचा त्यांचा पगार तुम्ही द्यायचा. आणि वसाहतीला पत्र, सहीसकट.”

“आणि ह्यांना?”

“दादांना मी काही सांगणार नाही. ते तुमचं तुम्ही बघा.” तिनं पुन्हा कानस उचलली. ‘या ना’ म्हणणाऱ्या धाकटीनं चहाचं विचारलं नाही.

व्यवस्थापकानं पत्र दोनदा वाचलं. दोन्ही फोन वाजत होते, त्यानं एकही उचलला नाही. “बाई, तुम्ही?” एवढंच म्हणाला. विमा कंपनीच्या माणसाचा अहवालही दोन दिवसांत आला, दाखला बरोबर आहे असा. त्यानंतरच्या सोमवारी धाकटीची माणसं पुन्हा उतारावर होती.

नवऱ्याला सांगणं सगळ्यात अवघड गेलं. दुपारच्या जेवणाला तो ताटावर बसला होता. तिनं सगळं एका दमात सांगितलं, वहीसुद्धा दाखवली. त्यानं घास ताटात ठेवला.

“मी तुला विचारलं होतं, असं कोण करतं म्हणून.”

“हो.”

“आणि तू टॉवेल दिलास.”

तो उठून बाहेर गेला आणि गाडीत जाऊन बसला. गाडी सुरू केली नाही. आठ दिवस तो तिच्याशी कामापुरतं बोलला. हे मशीन दुरुस्तीला, त्या शाळेचं उद्या. नवव्या दिवशी तो कुठं जातो ते न सांगता गेला आणि संध्याकाळी परत आला, तेव्हा त्याच्या पँटला गुडघ्यांपर्यंत गवताचे तुकडे चिकटले होते. भावाबरोबर उतार कापून आला होता. दोघं काय बोलले ते त्यानं सांगितलं नाही. “धाकट्यानं विचारलंय तुला,” इतकंच म्हणाला. खरं की तिला बरं वाटावं म्हणून, ते तिनं खोदून विचारलं नाही.

विम्याचा वाढलेला हप्ता भरावाच लागला. विमावाल्यानं हात वर केले. झालेले दावे पश्चात्तापानं पुसले जात नाहीत. थोरलीनं मात्र नवे चष्मे आणले, आणि रोजची दहा मिनिटं दरात धरली. त्यामुळे दोन गिऱ्हाइकं सोडून गेली. माणसं कुरकुरली, “बाईंना आता दगडांचा नाद लागलाय.” म्हणून पहिला आठवडा ती स्वतः बादली घेऊन फिरली. एका शाळेच्या मैदानावर तिला चौदा दगड, एक बोल्ट आणि अर्धी कात्री सापडली. ती अर्धी कात्री तिनं सगळ्यांना दाखवली. त्यानंतर कुरकुर थांबली. हंगाम संपेपर्यंत दावा झाला नाही. तिची माणसं अजूनही गाडीत बसूनच खात, पण एकदा एकानं तिच्यापुढे डबा धरला, तो तिनं नाकारला नाही.

धाकटीचा फोन आला तो हंगामाच्या शेवटी. सहा महिन्यांत पहिल्यांदा. दोघींनी एकमेकींची चौकशी केली नाही.

“ताई, एक विचारायचं होतं. मालकाला स्वतःचा विमा काढायचा असेल तर कसा काढतात? मी मशीनवर असते, आणि माझाच नाही.”

“आधीच काढायला हवा होतास,” थोरली म्हणाली. मग अर्धा तास ती बोलत होती. कुठला फॉर्म, कामाचा प्रकार कसा लिहायचा, तास कमी दाखवायचे नाहीत, उतारावरचं काम वेगळं नोंदवायचं. धाकटी मधे मधे म्हणायची, “थांबा, लिहून घेते,” आणि थोरली थांबायची. तिला ते गोल अक्षर समोर दिसत होतं.

“पुढच्या वर्षी पाचवा माणूस ठेवतेय,” धाकटी म्हणाली. “दवाखान्याच्या आवाराचं काम मिळालंय.”

त्या कामासाठी थोरलीनंही दर दिला होता. हेवा उठला तो ओळखीचा होता. “बरं झालं,” ती म्हणाली. त्यातलं निम्मं खरं होतं, आणि सहा महिन्यांपूर्वी तेवढंही नसतं. मग तिला राहवेना. “मागच्या बाजूला चढ आहे, तिथं किती माणसं धरलीस?”

“दोन.”

“दोनात होत नाही ते. तीन लागतात. भिंतीकडून मशीन वळत नाही, हातानं कापावं लागतं.”

फोनवर कागद उलटल्याचा आवाज. “मी दोनच धरून दर दिलाय.”

“मग दर चुकलाय तुझा,” थोरली म्हणाली, आणि हे सांगताना तिला बरं वाटलं. किती बरं वाटलं, ते तिनं कुणाला सांगितलं नाही.